हातापेक्षा मोठी मूठ

[दृश्य : टेबलावर ओळीनं मांडलेल्या मुठी, जवळून]

या सगळ्या तलवारीच्या मुठी. डावीकडची सरळ, रबर चढवलेली, मागच्या टोकाला लोखंडी गोळा असलेली, ती फ्रेंच ग्रिप. बाकीच्या अॅल्युमिनियमच्या आहेत. बोटांसाठी खाचा, मध्ये एक-दोन शिंगं, मागे तळव्याला टेकणारं शेपूट. यांना पिस्टल ग्रिप म्हणतात. त्यातही बेल्जियन, व्हिस्कोंती असे प्रकार आहेत, आणि मापं आहेत : लहान, मध्यम, मोठं.

या टेबलावर फक्त मध्यम आहे.

[दृश्य : शेडचा दरवाजा, बाहेर कपाशी]

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. शाळेच्या मागे पत्र्याची शेड. आत संध्याकाळी तलवारबाजी चालते. पोरंपोरी साधारण सहावी ते दहावीतली.

तलवारबाजीत हत्यारं तीन : फॉइल, इपी आणि सेबर. भारतात या खेळाचं नाव घराघरांत पोचलं ते भवानीदेवीमुळे. टोकियो ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. सुरुवातीला बांबूच्या काठ्यांवर सराव केल्याचं तिनं सांगितलं आहे. इथल्या प्रत्येक पोरीला ते पाठ आहे. पण भवानीदेवीचं हत्यार सेबर. सेबरनं टोचण्याबरोबर कापताही येतं, तिचं गार्ड, म्हणजे हात झाकणारं धातूचं कवच, बोटांवरून वळून मागे मुठीला भिडतं, आणि तिथे पिस्टल ग्रिपचा विषयच निघत नाही. मूठ निवडायची वेळ येते ती फॉइल आणि इपीवाल्यांवर. या शेडमध्ये बहुतेक सगळे फॉइलवाले.

[दृश्य : मुलीचा हात, ग्लव्ह चढवताना]

ही आठवीत आहे. बोटांच्या टोकांवर जे ओरखडे दिसतात ते खेळाचे नाहीत. वेचणीचे दिवस आहेत, बोंडाच्या वाळक्या नखांनी बोटं सोलतात.

मूठ नेहमी ग्लव्ह घालून बघायची. उघड्या हाताला बसलेली मूठ ग्लव्हमध्ये अडते. अंगठा वर, सपाट, गार्डच्या जवळ. तर्जनीचं पहिलं पेर त्याच्या बरोबर खाली. टोक हलवायचं काम या दोघांचं. उरलेल्या तीन बोटांनी मूठ तळव्याशी धरून ठेवायची, आणि प्रहाराच्या क्षणापुरती आवळायची. मागचं शेपूट मनगटाच्या वर, तळव्याच्या मांसल भागावर टेकलं पाहिजे.

आता करंगळीकडे बघा.

"सर, माही करंगळी पुरतच नाही इथं."

मूठ मोठी असली की असंच होतं. करंगळी निसटते, अनामिका तिच्या मागोमाग, आणि तीन बोटांचं काम अंगठ्यावर येतं. मग पोर मूठ आवळून धरतं. हात आवळला की टोक बोटांनी हलत नाही, मनगटानं हलतं, मग कोपरानं. समोरच्याचं पातं चुकवायला टोक एवढंसं फिरवायचं असतं, तिथे अख्खा हात फिरतो.

"आवळू नको वं. कापूस वेचतं तसं बोटानं चालव."

तिच्या हातातली फॉइल सगळी मिळून 500 ग्रॅमच्या आतली असते. म्हणजे वजनाचा दोष नाही.

[दृश्य : मूठ घासणं, कानसेचा आवाज]

सर कानस घेऊन बसलेत. पुढचं शिंग थोडं, खाच थोडी आत. घासायचं, पोरीच्या हातात द्यायचं, परत घ्यायचं. मात्र मनाला येईल तसं घासता येत नाही. खेळाचा नियमच असा आहे, की अशा घडीव मुठीवर हाताला एकच जागा ठरलेली हवी आणि अंगठा पूर्ण ताणला तर त्याचं टोक गार्डच्या आतल्या बाजूपासून 2 सेंटिमीटरपेक्षा लांब नको. आणि अॅल्युमिनियम एकदा घासलं की परत भरता येत नाही. शिवाय शिंग घासून मोठी मूठ लहान होत नाही, तिचा घेर तसाच राहतो.

[दृश्य : करवत, ठिणग्या]

हा भाग नीट बघा. पात्याच्या मागे आटे पाडलेला दांडा असतो. फ्रेंच ग्रिपमधून तो आरपार जातो आणि शेवटचा लोखंडी गोळा त्याच्यावर पिळून बसवतात. पिस्टल ग्रिपला एवढा लांब दांडा चालत नाही. म्हणून तो कापायचा, आणि मुठीच्या आत खोल नट घालून अॅलन कीनं आवळायचा. आधी पातं गार्डमधून, पात्याच्या खोबणीतली बारीक वायर गार्डच्या भोकातून आत, तिथे वायरीचं सॉकेट, त्यावर गादी, मग मूठ, शेवटी नट. वायर गादीखाली चिमटली की टोक समोरच्याला लागलं तरी टच दाखवणारा लाइट लागत नाही आणि पोरगं म्हणतं, टच झाला होता.

कापलेलं पातं पुन्हा फ्रेंच ग्रिपवर चढत नाही. नवी पाती आली की सर लगेच सगळी कापत नाहीत ते यासाठीच.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष प्रत्येक पोराला फ्रेंच ग्रिप द्यावी. बोटं तिच्यावर शिकतात, कारण तिथे आधाराला शिंगं नसतात. आणि सरळ फ्रेंच मूठ उजव्या-डाव्या दोघांना चालते. पिस्टल ग्रिपचं तसं नाही, डाव्या हाताची वेगळीच घ्यावी लागते.

[दृश्य : डावखुरा मुलगा, लंज म्हणजे पुढे झेपावून वार]

हा डावखुरा. समोरच्याला कोन उलटे पडतात म्हणून डावखुऱ्यांना या खेळात भाव असतो. याला वर्षभर उजव्या हाताची मूठ होती.

[दृश्य : इपी, मनगटावर टच]

इपी एकच आहे, मोठ्या पोरांसाठी. इथे नखशिखांत कुठेही टच चालतो, मनगटावरसुद्धा. त्यामुळे बोटभर लांबी मिळाली तरी सोनं. फ्रेंच ग्रिप अगदी मागे, गोळ्याजवळ धरली की ती मिळते. नियमात हे बसतं; सामन्यात हाताची जागा बदलताही येते. फक्त टच मारताना मूठ हातातून सरकता कामा नये. पण मागे धरलं की पात्याशी पातं भिडल्यावर जोर राहत नाही. हा पोरगा बघा, समोरच्यानं पातं झटकलं की गेला.

[दृश्य : जिल्हास्पर्धा, फोनवरचं चित्रण]

जिल्ह्याला दोघी पुढे गेल्या, विभागाला पहिल्याच फेरीत परतल्या. एका मुलाचं कोपर दुखत होतं, तो आता येत नाही.

[दृश्य : मागणीपत्र]

साहित्याच्या छापील मागणीपत्रात मुठीचं नाव आहे आणि संख्या आहे. मापाचा रकाना नाही. यंदा सरांनी तो पेनानं आखला. लहान, उजवी : सहा. लहान, डावी : दोन. फ्रेंच, सरळ : दहा. पाती : दांडा न कापलेली.