एकाच मशीनने पत्ते वाटावेत

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेला साधा पीसी, रॅम ८ जीबी. त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले पीसी: एक उबुंटू सर्व्हर, दोन क्लायंट. क्लायंटना आयपी पत्ते हाताने न देता सर्व्हरने डीएचसीपीवरून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने, द्यायचे आहेत.

सर्व्हरला दोन नेटवर्क अडॅप्टर लावा. पहिला नॅट, म्हणजे पीसीचंच इंटरनेट वापरणारा, पॅकेज उतरवण्यापुरता. दुसरा इंटर्नल नेटवर्क, म्हणजे फक्त व्हर्च्युअल मशीनमधलं आपसातलं नेटवर्क. क्लायंटना फक्त इंटर्नल. नेटवर्कचं नाव तिन्हीकडे तंतोतंत सारखं हवं. एक अक्षर चुकलं तरी व्हर्च्युअलबॉक्स तक्रार करत नाही, निमूटपणे दुसरं नेटवर्क बनवतो.

दुसरा अडॅप्टर ब्रिज्ड, म्हणजे बाहेरच्या खऱ्या नेटवर्कला थेट जोडलेला, मात्र कधीही करू नका. क्लायंटची 'पत्ता द्या' ही हाक ब्रॉडकास्ट असते, सगळ्यांना ऐकू जाते. बहुतेक क्लायंट जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतात. मुंबईतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये शेजारचे पीसी त्याच स्विचवर असतात. तुमचं सरावाचं मशीन त्यांनाही पत्ते वाटू लागतं, चुकीचा गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) देतं आणि भर प्रॅक्टिकलमध्ये लॅबचं इंटरनेट जातं. दोष शोधायला तास जातो, कारण केबल, स्विच, राउटर सगळं ठीकच असतं.

आता इंटर्नल अडॅप्टरला स्थिर पत्ता द्या: १९२.१६८.५०.१, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा) २४ बिटांचा. डीएनएसमास्क बसवा; हा डीएचसीपी आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) दोन्ही देणारा छोटा प्रोग्राम आहे. सेटिंगमध्ये फक्त याच अडॅप्टरचं नाव लिहा, पत्त्यांच्या शेवटच्या आकड्याची रेंज १०० ते १५० आणि लीझ, म्हणजे पत्ता वापरायची मुदत, १२ तास. उबुंटूत डीएनएसचा पोर्ट ५३ आधीच सिस्टमडी-रिझॉल्व्हड या उबुंटूच्या स्वतःच्या सेवेकडे असतो, म्हणून डीएनएसमास्क सुरूच होत नाही. नुसते पत्ते वाटायचे असतील तर पोर्ट शून्य लिहा. त्याचं डीएनएस बंद होतं, डीएचसीपी चालू राहतं.

क्लायंट सुरू करा. विंडोज क्लायंटवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याच्या हाकेला उत्तर मिळालेलं नाही. नेटवर्कचं नाव आणि सर्व्हरवरची सेवा, दोन्ही तपासा.

दोन्ही उबुंटू क्लायंटना एकच पत्ता मिळाला, तर ते बहुधा क्लोन, म्हणजे एकाच मशीनच्या नकला, आहेत. मॅक पत्ता (नेटवर्क अडॅप्टरचा क्रमांक) नवा केला तरी भागत नाही, कारण क्लायंटवर उबुंटूची सर्व्हर आवृत्ती असेल तर ती आपली ओळख मशीन-आयडी या फाइलमधल्या ओळखक्रमांकावरून सांगते आणि तो दोघांचा सारखाच राहतो. मूळ मशीनमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करा, ते बंद करा आणि मगच क्लोन काढा.