२ कोटी ५ लाखांचा सरपंच

डिसेंबर २०२०. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातलं उमराणे. कांद्याच्या मार्केटमुळे हे गाव सगळ्यांना माहितीय, पण तेव्हा इथे बोली लागली ती कांद्यावर नाही, सरपंचपदावर, आणि थांबली थेट २ कोटी ५ लाखांवर. चोरूनमारून नाही हं, सगळ्यांसमोर, व्हिडिओ फिरले मोबाईलवर. तिकडे नंदुरबारमधल्या खोंडामळीत हाच आकडा ४२ लाख.

आता गंमत बघा. यात मारामारी नाही, बूथ पळवणं नाही, रात्रीची पाकिटं नाहीत. पैसा जाणार होता देवळाला. निवडणुकीत उधळण्यापेक्षा देवाच्या कामाला लागला तर बिघडलं कुठे, असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती, आजही भेटतात, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकल्यावर मलाही क्षणभर पटलं होतं.

पण "गावाने ठरवलं" म्हणजे नक्की कुणी ठरवलं हो? मतदार यादीत नाव असलेला शेतमजूर, निंदणीला जाणारी बाई, नुकतं अठरा पूर्ण झालेलं पोरगं, यांच्या हातात एकेक मत असतं, कोट्यधीशाकडेही एकच. लिलावात मात्र ज्याच्याकडे २ कोटी नाहीत तो नुसता बघणारा. आणि उद्या कुणाला फॉर्म भरावासा वाटला तरी देवाचं काम अडवलं म्हणून अख्खं गाव अंगावर येईल, मग कोण भरतंय फॉर्म!

बिनविरोध निवडणूक कायद्यात बसते, वाईटच असते असंही नाही, भांडणं टळतात. पण बिनविरोध झालं की मतदान यंत्र गावात येतच नाही, म्हणजे नोटाचं बटण दाबून "मला हे मान्य नाही" म्हणायची सोयसुद्धा गेली. समजुतीने एकच नाव पुढे येणं वेगळं आणि बोली लावून बाकीच्यांना गप्प करणं वेगळं.

राज्य निवडणूक आयोगाने चौकशीचे रिपोर्ट मागवले, व्हिडिओ बघितले आणि मतदानाला दोनच दिवस उरले असताना दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर लोक रांगा लावून मतदान करत होते, उमराणे आणि खोंडामळीत मात्र कुणाच्याच बोटाला शाई लागली नाही, ज्याने बोली जिंकली त्याच्याही नाही.