उधारीवरचं दुकान, आमदारकीची पहिली पायरी

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं न्यू सेलम. सँगामन नदीकाठच्या टेकाडावर ओंडक्यांची मोजकीच घरं. ऑगस्ट १८३२ मध्ये इथला एक तेवीस वर्षांचा तरुण विधानसभेला उभा राहतो आणि पडतो. तेरा उमेदवारांत आठवा. पण न्यू सेलमच्या मतदान केंद्रावरच्या ३०० मतांपैकी २७७ मतं त्याची असतात. तरुणाचं नाव, अब्राहम लिंकन.

हरल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी विल्यम बेरी यांच्याबरोबर भागीदारीत दुकान घातलं. रोख पैसा दोघांकडेही नव्हता. सगळा व्यवहार वचनचिठ्ठ्यांवर. धंदा बसला. १८३५ मध्ये बेरी वारले आणि त्यांच्या वाट्याचं देणंही लिंकननी स्वतःच्या अंगावर घेतलं. सगळं मिळून अकराशे डॉलरच्या घरात. हात वर करून गाव सोडणारे त्या मुलखात कमी नव्हते. लिंकन राहिले.

१८३३ मध्ये ते गावचे पोस्टमास्तर झाले. पत्रं टोपीत ठेवून लोकांना नेऊन द्यायचे. जोडीला जमीन मोजणीचं काम. त्यामुळे पंचक्रोशीतली घरं ओळखीची झाली आणि १८३४ मध्ये ते आमदार झाले. राजधानी व्हँडेलियाला जायला धड कपडे नव्हते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून २०० डॉलर उसने घेऊन त्यांनी नवा सूट शिवला.

त्याच सुमारास एका धनकोनं त्यांचा घोडा आणि मोजणीची साधनं जप्त करवली. जेम्स शॉर्ट या मित्रानं लिलावात ती सोडवली आणि त्यांच्या हातात परत ठेवली. कर्ज फिटायला मात्र पुढं कित्येक वर्षं लागली.

लिंकन सलग चार वेळा निवडून आले. राजधानी स्प्रिंगफील्डला हलवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण उधारीनं पोळलेल्या याच माणसानं १८३७ मध्ये रेल्वे आणि कालव्यांसाठी राज्यानं सुमारे एक कोटी डॉलरचं कर्ज काढावं, म्हणून जोर लावला. मंदी आली, कामं अर्धवट राहिली, राज्याला व्याजही भरता येईना. ही चूक झाकू नये.

आणि त्याच वर्षातला ३ मार्चही विसरू नये. सभागृहानं गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारा ठराव केला होता. त्यावर लिंकन आणि डॅन स्टोन या दोघांनीच लेखी हरकत नोंदवली: गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे. चळवळीच्या प्रचारानं दुखणं वाढतं, असंही त्यात लिहिलेलं होतं. तरी एवढं लिहायलाही तिथं दुसरं कुणी पुढं आलं नाही.

१८३८ मध्ये लिंकन पुन्हा मतदारांपुढं गेले आणि निवडून आले.