सांत कुगात : वेली मेल्या, तिथे पाइन उगवले

नमस्कार. बार्सिलोनाहून परतलेली माणसं समुद्राविषयी बोलतात, गाउदीच्या चर्चविषयी बोलतात, फुटबॉलच्या मैदानाविषयी तर बोलतातच. आज मी त्या शहराच्या पाठीमागच्या टेकड्या ओलांडून पलीकडे उतरल्यावर लागणाऱ्या गावाविषयी बोलणार आहे. सांत कुगात देल वायेस हे त्याचं नाव. कॅटलोनियातलं, म्हणजे स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यातलं हे शहर. वस्ती ९५,०००च्या आसपास. भूमध्य समुद्र जवळ आहे, पण गावातून दिसत नाही, कारण मध्ये कोल्सेरोलाची डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर तिबिदाबो, ५१२ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ही उंची काहीच नाही, पण एका महानगराला थोपवून धरायला तेवढी पुरली आहे.

गावात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा जाणवते ती सावली. चौकांमध्ये प्लेन वृक्ष, घरांना सरूची कुंपणं, आणि वाल्दोरैश किंवा ला फ्लोरेस्तासारख्या वस्त्यांमध्ये तर घरं पाइनच्या झाडांत शिरल्यासारखी वसलेली. दुपारी दोननंतर दुकानांची शटर्स खाली येतात आणि उन्हाळा असेल तर रातकिड्यांसारखा एक अखंड आवाज पाइनमधून येत राहतो; तो सिकाडांचा. संध्याकाळी सहानंतर तेच चौक मुलांनी भरून जातात. आजी-आजोबा बाकांवर, आईवडील बाहेर मांडलेल्या टेबलांशी, आणि मुलं मध्ये चेंडू खेळत असतात. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे अशा ठिकाणी गेल्यावर मला एकच प्रश्न पडतो : हे असं का आहे? इथली झाडं कुणी लावली, आणि कुणी तोडली नाहीत?

मी हा प्रश्न धरून बसले आणि जे हाती आलं ते फार विलक्षण होतं. हे गाव 'निसर्गरम्य' म्हणून ओळखलं जातं. पण ज्या जंगलामुळे ते निसर्गरम्य दिसतं, त्यातलं बरंचसं जंगल जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे. त्याच्या आधी त्या उतारांवर द्राक्षमळे होते.

एकोणिसाव्या शतकात या वायेस प्रदेशातला शेतकरी द्राक्षांवर जगत होता. जमीन बहुधा त्याची नसायची. 'राबासा मोर्ता' नावाचा एक करार होता. मालकाच्या पडीक जमिनीवर कुळाने वेली लावायच्या, वाढवायच्या, पिकाचा ठरलेला वाटा मालकाला द्यायचा. करार किती वर्षांचा? तर वेली जिवंत असेपर्यंतचा. लावलेल्यांपैकी दोन तृतीयांश वेली मेल्या की जमीन मालकाकडे परत. कुळांनी यातून वाट काढली होती. जुनी वेल थकली की तिची एक फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की नवी वेल तयार. आपल्याकडे ज्याला दाब कलम म्हणतात तेच हे. मळा कधी मरतच नसे, आणि म्हणून करारही संपत नसे. बाप, मुलगा, नातू त्याच मातीत राबत राहायचे आणि ती माती मनाने त्यांचीच झालेली असायची.

मग फिलॉक्सेरा आला. हा माव्याच्या जातीतला बारीक कीटक, अमेरिकेतून आलेला, द्राक्षवेलीच्या मुळांवर जगणारा. फ्रान्समधले मळे त्याने आधीच उजाड केले होते. १८७९मध्ये तो पिरेनीज ओलांडून कॅटलोनियाच्या उत्तर टोकाला पोहोचला आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिणेकडे सरकत गेला. त्याच्यावर औषध नव्हतं. मुळं कुजत आणि वेल उभ्या उभ्या वाळत असे. वेली मेल्या आणि त्यांच्याबरोबर करारही मेले. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन कायद्याने हातातून निसटली, आणि तीही कुळाचा कणभर दोष नसताना.

उपाय सापडला तो अमेरिकन खुंटाचा. अमेरिकन वेलीची मुळं या कीटकाला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर युरोपीय जातीचं कलम. आपले नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार डॉगरिजच्या खुंटावर कलमं करतात, तो खुंटही मूळचा अमेरिकन. आपल्याकडे त्यामागचं कारण क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई, तिथे कारण हा मावा. पण या उपायाने कुळांची अडचण सुटली नाही. कलमी वेल जुन्या वेलीइतकी जगत नाही, आणि तिचं दाब कलम करून भागत नाही, कारण मातीत दाबलेल्या फांदीला फुटणारी मुळं युरोपीय जातीची, म्हणजे पुन्हा कीटकाच्या तोंडी. जो करार कधी संपत नव्हता तो आता पंचवीस-तीस वर्षांत संपू लागला. या असंतोषातून १९२२मध्ये 'उनिओ दे राबासाइरेस' ही कुळांची संघटना उभी राहिली. पुढे कॅटलोनियाचे अध्यक्ष झालेले लुईस कुम्पान्स तिच्या संस्थापकांपैकी होते. १९३४मध्ये कॅटलान संसदेने कुळांच्या बाजूचा कायदा केला आणि माद्रिदच्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. कूळकायद्याचा इतिहास ज्या घरांनी सोसला आहे, त्या घरातल्या माणसांना या दोन ओळींत काय काय दडलं आहे ते वेगळं सांगायला नको.

सांत कुगातमध्ये या काळाची एक सुंदर खूण उभी आहे. १९२१मध्ये सहकारी तत्त्वावर बांधलेलं वाइनचं कोठार. त्याचे वास्तुविशारद सेझार मार्तिनेल. विटांच्या उंच कमानी, वारा खेळता राहावा अशी रचना. ज्या शेतकऱ्यांनी एवढं सोसलं त्यांनी एकत्र येऊन आपल्या पिकासाठी एवढं देखणं घर बांधलं, हे पाहून माझा ऊर भरून आला.

पण डोंगरउतारांवरचे सगळे मळे काही पुन्हा लागले नाहीत. चढावरची शेती तशीही कष्टाची. तिथले दगडी बांध तसेच राहिले आणि रिकाम्या जागेत अलेप्पो पाइन उगवलं. हे झाड उन्हात, हलक्या मातीत, कुणी न लावता झपाट्याने पसरतं. त्याच्या सावलीत मग सदाहरित ओक येतात. आज कोल्सेरोलात फिरताना पायवाटेपासून जरा आत नजर टाकली, तर पाइनच्या बुंध्यांमधून पायऱ्यापायऱ्यांनी गेलेले ते जुने बांध अजून ठिकठिकाणी दिसतात.

वेली गेल्या आणि त्याच सुमारास रेल्वे आली. फ्रेड स्टार्क पिअर्सन हा अमेरिकन अभियंता. ब्राझील आणि मेक्सिकोमध्ये वीज आणि ट्रामचे मोठे उद्योग उभे करून तो बार्सिलोनात आला आणि १९११मध्ये त्याने 'बार्सिलोना ट्रॅक्शन' ही कंपनी काढली. पिरेनीजमधल्या नद्यांवर धरणं बांधून वीज करायची आणि त्या विजेवर डोंगराखालून रेल्वे पलीकडे न्यायची, असा त्याचा बेत. ही रेल्वे पुरी झालेली त्याला पाहता आली नाही. मे १९१५मध्ये जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज आयर्लंडजवळ बुडवलं, त्यात पिअर्सन आणि त्याची पत्नी दोघंही गेले. १९१७मध्ये गाडी सांत कुगातला पोहोचली. वाटेत बार्सिलोनाच्या लोकांना उन्हाळी घरं बांधता यावीत म्हणून जी बागांची वसाहत आखली गेली, तिचं नावच 'ला फ्लोरेस्ता पिअर्सन' होतं. पुढे पिअर्सन गळून पडला, ला फ्लोरेस्ता उरली.

इथे एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. रेल्वे डोंगराच्या पोटातून गेली. मोटारींसाठीचे वायविद्रेराचे बोगदे १९९१मध्ये सुरू झाले. या मधल्या पाऊणशे वर्षांत पलीकडच्या गावाचं बार्सिलोनाशी सर्वांत सरळ नातं होतं ते विजेच्या गाडीचं, आणि स्टेशनापासून चालत जाता येईल एवढ्यात घर बांधायचं ही सवय त्यातून लागली. डोंगर मात्र मधोमध तसाच राहिला. तो आपोआप राहिला असं कृपया समजू नका. १९७६च्या महानगर आराखड्यात कोल्सेरोला वन-उद्यान म्हणून राखलं गेलं, १९८७मध्ये त्यासाठी खास आराखडा झाला आणि २०१०मध्ये त्याला नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला. ८,००० हेक्टरांहून मोठं क्षेत्र, नऊ नगरपालिकांच्या हद्दींत पसरलेलं. तिन्ही वेळा बांधकामाचा दबाव होताच. १९८०च्या आसपास सांत कुगातची वस्ती ३०,००० होती, आज ती तिप्पट झाली आहे, आणि हे कॅटलोनियातल्या सर्वांत श्रीमंत गावांपैकी एक आहे. तिथे एकेका एकराची किंमत काय असेल याचा विचार करा, म्हणजे 'नाही' म्हणणाऱ्यांनी काय केलं ते लक्षात येईल.

गावाच्या कडेला, शेत आणि जंगल यांच्या सीमेवर, 'पी द'एन शांद्री' नावाचं एक स्टोन पाइन आहे. दोनशे वर्षांहून जुनं, छत्रीसारखा पसरलेला माथा, वीसेक मीटर उंच. १९९७मध्ये कुणीतरी करवतीने ते पाडायचा प्रयत्न केला. झाड वाचलं, त्याला आधाराचे खांब लावले गेले. त्याच परिसरातली तोरे नेग्राची शेतजमीन बांधकामाला द्यायची की राखायची यावर अनेक वर्षं वाद चालला, आणि हे झाड राखणाऱ्यांचं निशाण झालं. मी गेले तेव्हा त्या वाटेवर सायकली होत्या, धावणारे होते, कुत्र्यांना फिरवणारे होते, आणि झाडापाशी आल्यावर जवळजवळ प्रत्येक जण थोडा थांबत होता.

आता मठाविषयी, कारण गाव मुळात त्याच्याभोवती वाढलं. रोमन काळात इथे छोटा किल्ला होता. आफ्रिकेतून आलेल्या कुगात नावाच्या ख्रिस्ती प्रचारकाला चौथ्या शतकाच्या सुरुवातीला इथेच ठार केलं, अशी परंपरा सांगते. नवव्या शतकापासून बेनेडिक्टाइन मठ. ९८५मध्ये कोर्दोबाच्या मुस्लिम राज्याचा सेनापती अल्मन्सूर याच्या स्वारीत तो उद्ध्वस्त झाला, पुन्हा उभा राहिला, आणि १८३५मध्ये भिक्षूंना तो कायमचा सोडावा लागला. चर्चच्या बाजूला चौक आहे आणि चौकाच्या चारही अंगांना ओवऱ्या. जोडखांबांवर १४४ कोरीव स्तंभशीर्षं. बायबलमधल्या कथा, पक्षी, पशू, पानं. हे काम बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं आणि ते करणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण एका कोपऱ्यातल्या स्तंभशीर्षावर त्याने स्वतःलाच कोरलं आहे : छिन्नी-हातोडा घेऊन बसलेला, समोर अर्धवट झालेलं स्तंभशीर्ष. शेजारी लॅटिन शिलालेख. 'ही शिल्पकार आर्नाउ कादेलची प्रतिमा, ज्याने अशी ही चिरंतन ओवरी बांधली.' त्या काळातले बहुतेक कारागीर अनामिक राहिले. आपल्या लेण्यांमधलेही राहिले. त्यामुळे या एका माणसासमोर मी बराच वेळ उभी राहिले.

जंगलात आत सांत मेदीरचं छोटं चर्च आहे. त्याची गोष्ट अशी : बार्सिलोनाचा बिशप सेवेर रोमन सैनिकांपासून पळत या डोंगरात आला. मेदीर नावाचा शेतकरी शेतात वाल पेरत होता. बिशप म्हणाला, सैनिक विचारतील तेव्हा खोटं बोलू नकोस. मी पेरणीच्या वेळी इथून गेलो असं सांग. तो पुढे गेला आणि वाल तत्क्षणी उगवून फुलले. सैनिकांनी फुललेलं शेत पाहिलं, त्यांना थट्टा वाटली, आणि खरं बोलणाऱ्या मेदीरचा जीव गेला. दर वर्षी ३ मार्चला इथे जत्रा भरते. बार्सिलोनाच्या ग्रासिया भागातून घोडे आणि गाड्या निघतात आणि रस्त्यांवर गोळ्या-मिठाई उधळली जाते. ही प्रथा १८२८पासूनची, ग्रासियातल्या एका पाववाल्याने नवस फेडण्यासाठी सुरू केलेली.

तुम्ही म्हणाल, मग सगळं आलबेल आहे. नाही. २०२१पासून कॅटलोनियात पाऊस जवळजवळ रुसला. १ फेब्रुवारी २०२४ला बार्सिलोना परिसरात पाणी-आणीबाणी जाहीर झाली. धरणांत सोळा टक्क्यांहूनही कमी साठा होता. साऊ धरणात बुडालेल्या गावाच्या चर्चचा मनोरा तर उघडाच पडला होता. माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा आली, बागांना पिण्याचं पाणी घालायला बंदी झाली. अशा वेळी बागांचं गाव सर्वांत आधी उघडं पडतं. ज्यांच्या अंगणात हिरवळ आणि पोहण्याचे तलाव आहेत, त्यांचा पाण्याचा वापर दाटीवाटीच्या वस्त्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, हे त्या दुष्काळात सर्वांना दिसलं. कोल्सेरोलातले पाइनही वाळले. पाऊस परतल्यावर मे महिन्यात आणीबाणी उठली, पण वाळलेलं झाड परतत नाही.

आणि पाइन म्हणजे वणव्याचं सरपण. जंगलाला लागून असलेल्या वस्त्यांनी आपल्याभोवती किमान २५ मीटरचा पट्टा साफ, विरळ ठेवायचा, असा तिथला २००३चा कायदा आहे. हिरवाई टिकवायची तर हिरवाईच विरळ करावी लागते, आणि घराला टेकलेलं झाड तोडायला सांगितल्यावर माणसं हळहळतात. पण शेतं होती तेव्हा आगीला अडवणारी मोकळी जमीन आपोआप मध्ये होती. म्हणून अलीकडे तिथे काही जाणकार म्हणतात की जंगलात जागोजागी पुन्हा शेती, द्राक्षमळे, मेंढ्यांचे कळप यायला हवेत. मला हे मनापासून पटतं.

तुमच्यापैकी कुणी बार्सिलोनाला जाणार असेल तर एक दिवस इकडे काढा. प्लासा दे कातालुन्या स्टेशनातून एस-१ किंवा एस-२ गाडी घ्या. अर्ध्या तासाच्या आत सांत कुगात. तिथून मठ दहा मिनिटं, मठातून शांद्रीच्या पाइनपर्यंत पायी, तिथून पुढे कान बोरेल हे जुनं शेतघर आणि जमलं तर सांत मेदीर. उन्हाळ्यात सकाळीच निघा आणि पाणी बरोबर घ्या. परतताना बाइशादोर दे वायविद्रेराला उतरलात तर जवळच उद्यानाचं माहिती केंद्र आहे, तिथे नकाशे मिळतात. वणव्याचा धोका जास्त असेल त्या दिवशी जंगलातल्या वाटा बंद ठेवतात; तसा फलक दिसला तर वाद न घालता मागे फिरा.