स्नायूवरचा वण आणि रक्ताची चाचणी

पडद्यावर दिसते आहे ते एमआरआय यंत्राने टिपलेले हृदयाचे आडवे छेदचित्र. काळ्या कड्यासारखा भाग म्हणजे डाव्या जवनिकेचा, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचा स्नायू आणि त्या कड्याच्या ऐन जाडीत उमटलेली पांढुरकी रेघ म्हणजे वण. गॅडोलिनियमयुक्त औषध शिरेतून दिल्यानंतर निरोगी स्नायूतून ते काही मिनिटांत बरेचसे निघून जाते. वणाच्या जागी मात्र रेंगाळते, म्हणून ती जागा उजळ दिसते.

हा वण हृदयविकाराच्या झटक्याचा नव्हे. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप उतारवयात कॅल्शियम साचून ताठर होते आणि एरवी 3 ते 4 चौरस सेंटीमीटर उघडणारी वाट 1 चौरस सेंटीमीटरच्या खाली आली की आजार गंभीर मानला जातो. तेवढेच रक्त त्या अरुंद वाटेतून रेटावे लागल्याने स्नायू जाड होतो, पुढे त्याला रक्तपुरवठा अपुरा पडू लागतो, काही पेशी मरतात आणि त्यांच्या जागी कोलॅजनचे तंतू येतात. झडप बदलल्यावर स्नायूभर विखुरलेले तंतू काही अंशी ओसरतात. रेघेसारखा घट्ट वण मात्र तसाच राहतो. अडचण अशी, की धाप लागणे, छातीत दुखणे किंवा भोवळ येणे ही लक्षणे दिसेपर्यंत थांबण्याची रीत बरीच वर्षे चालत आली, आणि तोवर वण पडून गेलेला असू शकतो.

मग रक्तातून आधी सुगावा लागेल का? कोलॅजन तयार होताना त्याच्या रेणूची टोके छाटली जातात व रक्तात उतरतात. ती मोजण्याची कल्पना मोठी देखणी आहे. पण कोलॅजन हाडांत, यकृतात आणि त्वचेतही तयार होते, आणि छाटलेल्या टोकावर गावाचे नाव लिहिलेले नसते. तंतू तयार होण्याशी संबंध असलेल्या गॅलेक्टिन-3 या प्रथिनाची पातळी मूत्रपिंड दुबळे झाले तरी वाढते. उरते ते ट्रोपोनिन, हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन. ते मुळात वणाचे मोजमापच नाही, इजा झालेल्या स्नायुपेशींतून ते पाझरते. पण येते हृदयातूनच, हा त्याचा मोठा गुण.

एडिनबरा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील 24 केंद्रांवर झालेल्या ‘इव्हॉल्व्ह्ड’ या चाचणीने हाच धागा धरला. झडप गंभीर अरुंद, पण लक्षणे नाहीत, अशा रुग्णांमध्ये ट्रोपोनिन लिटरमागे 6 नॅनोग्रॅम किंवा अधिक असेल, अथवा ईसीजीत स्नायूवरचा ताण दिसत असेल, तर त्यांचा एमआरआय केला गेला. सहा नॅनोग्रॅम ही पातळी झटक्याच्या निदानासाठी लागणाऱ्या मर्यादेच्या बरीच खाली आहे. स्नायूच्या मध्यभागी वण आढळलेल्या 224 जणांपैकी काहींची झडप लवकर बदलण्यात आली, तर इतरांना नेहमीच्या देखरेखीखाली ठेवले गेले.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उत्साहावर थोडे पाणी टाकणारा होता. मृत्यू किंवा झडपेच्या विकारामुळे अचानक रुग्णालयात दाखल होणे, यांचे एकत्रित प्रमाण लवकर उपचार झालेल्यांत 18 टक्के, तर इतरांत 23 टक्के राहिले. एवढ्याशा गटात हा फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध होत नाही. अशा तातडीच्या दाखल होण्याचे प्रमाण तेवढे 17 टक्क्यांऐवजी 6 टक्के दिसले. एमआरआय कोणाचा करायचा, हे ठरवायला ट्रोपोनिनचा आकडा उपयोगी पडला. झडप केव्हा बदलायची, याचा निर्णय मात्र त्या आकड्यावर अजून सोपवता येत नाही.