बाजेवरची मशीन

३० मार्च २०२५. आज गुढीपाडवा. छत्रपती संभाजीनगरचा जुना भाग, गुढ्या उतरवून झाल्यात आणि शेजारच्या गच्चीवर ही पोरं आभाळाकडं डोळे लावून बसलीत, आज रमजानचा २९ वा रोजा, म्हणजे उपवास आहे ना, चंद्र दिसला तर उद्या ईद, नाहीतर अजून एक रोजा. आणि हे बघा... "चांद हो गया!"

पण या घरात ईदची तयारी आठ दिवस आधीच सुरू झाली होती. बाजेला आवळून बसवलेली शेवयांची मशीन आणि बाजेवर बसलेली ही खाला, म्हणजे मावशी. गहू ओलवायचे, दळून आणायचे, मग पीठ जुन्या ओढणीतून वस्त्रगाळ करायचं, आणि मळताना खरी परीक्षा, कारण सैल झालं तर शेवया एकमेकींना चिकटतात आणि घट्ट झालं तर हँडल फिरवणारीचा खांदा भरून येतो. एकजण फिरवणार, एकजण गोळे देणार, तिसरी खाली धरणार. तिची बोटं बघा, एक तार तुटू देत नाही. रोजा आहे, पाण्याचा घोट नाही, आणि ऊन मराठवाड्याचं! आपल्या आयाबाया उन्हाळ्यात वाळवणाला बसतात ना, अगदी तसंच. मुसलमानांचं चंद्रावर चालणारं हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळं ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडं सरकते, पावसाळ्यात आली की हेच सगळं घरात पंख्याखाली वाळवावं लागतं.

आता चांदरातचं, म्हणजे ईदच्या आदल्या रात्रीचं हे स्वयंपाकघर, इथं शीरखुर्मा होतोय. शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर, दोन्ही शब्द फारसी. खारका भिजवून केसासारख्या पातळ चिरायच्या, चारोळी सोलायची, शेवया तुपात बदामी होईपर्यंत परतायच्या, आणि दूध मंद आचेवर आटत ठेवायचं. खाला चमचा कुणाच्या हातात देत नाही.

बाहेर बाजार रात्रभर जागाय.

सकाळी नमाजच्या आधी फितरा, म्हणजे ईदचं दान निघतं, घरातल्या माणसामागं साधारण पावणेदोन किलो गहू किंवा तेवढे पैसे, काल जन्मलेल्या बाळाचासुद्धा, म्हणजे गरिबाच्या घरीपण आज ईद होते. मग छावणीचा ईदगाह, म्हणजे ईदच्या नमाजची जागा. अजान नाही, दोन रकात म्हणजे नमाजच्या दोन फेऱ्या, जादा सहा तकबीर म्हणजे 'अल्लाहु अकबर', नमाजनंतर खुतबा म्हणजे इमामाचं प्रवचन, आणि मग गळाभेटी. जाताना एका रस्त्यानं, येताना दुसऱ्या, ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत.

पाकिटातली शेवई आता किराणा दुकानात सहज मिळते, गल्लीत हातानं करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

घरी पहिली वाटी खालाच्या हातून. पोरांच्या खिशात ईदी, म्हणजे मोठ्यांनी दिलेले खाऊचे पैसे, अंगाला अत्तर.

दुपारी सगळे निजल्यावर खाला मशीनची जाळी काढते, काडीनं एकेक भोक साफ करते, दांड्याला खोबरेल तेल लावते आणि सगळं जुन्या ओढणीत बांधून बाजेखाली सरकवते.