पुस्तकाची पाठराखीण

मंडळी, येताना पिशवीतून एक कादंबरी आणलीय. लेखक आपल्याच जिल्ह्यातला, नाव सांगत नाही. पुस्तक पालथं केलं की वाचायला मिळतं, 'अस्सल मातीतली रांगडी भाषा.' कादंबरी घडते बँकेच्या शाखेत आणि तिथला मॅनेजर शिपायालासुद्धा अहोजाहो करतो! लेखकाच्या पत्त्यात कोल्हापूर दिसलं की 'रांगडी' लिहायचं, असा शिरस्ताच पडलाय. तांबड्या रश्श्याला हात घातला नाही, हेच नशीब.

या चार ओळींना प्रकाशक 'ब्लर्ब' म्हणतात. गरम भात तोंडात घेऊन बोलल्यासारखा शब्द. त्याचं मूळ लॅटिनमध्ये शोधू नका, तो चेष्टेतून जन्मलाय. १९०७ साली अमेरिकेत पुस्तकविक्रेत्यांच्या वार्षिक मेजवानीत जेलेट बर्जेस या विनोदी लेखकाच्या पुस्तकाची खास प्रत वाटली गेली. त्या काळी कादंबरीच्या वेष्टनावर देखणी बाई छापायची टूम होती. बर्जेसनेही एक छापली, तोंडाशी हात धरून ओरडणारी. नाव ठेवलं मिस बेलिंडा ब्लर्ब, आणि वर मथळा, 'होय, हाच तो ब्लर्ब!' पुढे १९१४ मध्ये आपल्या गमतीदार कोशात त्याने अर्थही देऊन टाकला: ब्लर्ब करणे म्हणजे प्रकाशकासारखा आवाज काढणे.

शब्द नवा, खोड जुनी. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. त्यानंतर पाच वर्षांनी अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचा कवितासंग्रह 'लीव्ह्‌ज ऑफ ग्रास' आला. इमर्सन या तिथल्या नामवंत लेखकाने त्याला खाजगी पत्र लिहून कौतुक केलं. पठ्ठ्याने १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं वाक्य सोनेरी अक्षरांत छापलं, इमर्सनच्या नावासकट. इमर्सनला विचारलंसुद्धा नव्हतं!

मराठीत आपण याला 'पाठराखण' म्हणतो. काय नेमका शब्द आहे! पुस्तकाची पाठ आणि ती राखणारं माणूस, दोन्ही त्यात आलं. पण पाठराखीण म्हणजे नुसती कौतुक करणारी बाई नव्हे. माझ्या थोरल्या बहिणीबरोबर आमची आजी पाठराखीण म्हणून कागलला गेली होती. निघताना विहीणबाईंना म्हणाली, "पोरगी भाकरी झकास थापती, पुरणाची पोळी मात्र अजून फाटती. तेवढं सांभाळून घ्या." असा ब्लर्ब मी आजवर एकाही पुस्तकावर वाचलेला नाही.

आता या कादंबरीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी लेखकाचा फोन आला, "सर, चार ओळी द्या, कव्हर उद्या छपाईला चाललंय." मी म्हटलं, आधी हस्तलिखित तरी पाठव. म्हणाला, "पाठवतो की, पण आज ओळी द्या." दिल्या. 'रांगडी' माझंच. कादंबरी वाचली ती छापून आल्यावर. मॅनेजर पाचव्या पानावरच भेटतो.